दुसऱ्या बेंदराचं खोंड

आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर एक पाटी आहे. ‘प्रयोगासाठी आणलेल्या जनावरांच्या देखभालीचे नियम’ असं तिच्यावर ठळक लिहिलेलं आहे आणि खाली नियम आहेत. ते मी लिहिले. विद्यापीठाकडून तपासणीला आलेल्या मंडळींनी ते उतरवून नेले आणि पुढे आणखी एकदोन कॉलेजांनी आपल्या भिंतींवर लावले. मी निवृत्त झालो तेव्हा भाषण करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा उल्लेख केला आणि एकाने मला मुक्या जीवांचा कैवारी म्हटलं. मला शाल दिली. शाल चांगली आहे, थंडीत अजून वापरतो.

आता कॉलेजची स्मरणिका निघते आहे. संपादक घरी येऊन, या नियमांची कथा मी लिहून द्यावी असं सांगून गेले. त्यांना दोन पानं हवी आहेत. कथा दोन पानांत बसणार नाही, आणि वाचल्यावर ती त्यांना हवी राहील असंही वाटत नाही. तरी मागितली आहे तर लिहितो.

ते नियम दयेपोटी लिहिलेले नाहीत. माझ्या हातून एक खोंड मेलं. त्याचा दोष दुसऱ्या माणसाकडे गेला आणि मी तो जाऊ दिला. त्या माणसाची लेक त्यापायी माहेराला तुटली. नियम त्यानंतरचे.

तेव्हा लढाई चालू होती. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि आमचं विद्यापीठ मुंबईला होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो. आमचं घर शहरातलं. वडील एका वकिलाकडे कारकून. दूध दारात येत असे, त्यामुळे जनावराशी माझा संबंध ते रस्त्यात आडवं आलं तर तेवढाच.

आमचे प्रोफेसर पुण्याकडचे होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. मनाने फार मऊ. बेडूक कापायच्या तासाला क्लोरोफॉर्म ते स्वतः द्यायचे आणि बेडूक पुरता निपचित झाल्याशिवाय कोणाला सुरी उचलू द्यायचे नाहीत. पुष्कळदा त्यातच तास संपे आणि बेडकाच्या पोटात काय असतं ते मुलं पुस्तकात वाचत.

साहेबांनी गोचिडांचा विषय घेतला होता. निपाणीकडचे शेतकरी जनावरांच्या अंगावरचे गोचीड मारायला तंबाखूचं पाणी वापरतात. ते किती कडक असावं, किती दिवसांनी लावावं, म्हणजे गोचीड मरतील आणि जनावराला त्रास होणार नाही, हे साहेबांना ठरवायचं होतं. विद्यापीठाने परवानगी दिली. कॉलेजच्या मागच्या बाजूला गोठा उभा राहिला. जनावरं मात्र नव्हती. साहेबांना सारख्या वयाची डझनभर खोंडं हवी होती आणि कॉलेजला खोंड द्यायला कोणी शेतकरी तयार नव्हता.

ती मिळवून दिली आप्पांनी. आप्पा कॉलेजच्या बागेत गडी होते, खानापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. गावात त्यांनी विषय काढला तेव्हा लोक हसले म्हणे. एकाने विचारलं, “व्हय रं आप्पा, म्याट्रिक न्हाय झालं तरी घेत्यात का खोंडाला?” आप्पांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “माज्या नदरंखाली ऱ्हात्यात. गोचीड काढून देत्यात, फुकाट. कायबी झालं तर मला इचारा.” एवढ्या शब्दावर लोकांनी खोंडं दिली.

एक खोंड कमी पडत होतं. ते आप्पांनी लेकीच्या सासरहून आणलं. सासर जांबोटीच्या वाटेवर, रानाला लागून. तिथे गोचीड भरपूर, म्हणून साहेबांनाही तिकडचं एक हवंच होतं. व्याही कुरकुरले. आप्पा म्हणाले, “लेक दिली तुमास्नी, तवा म्या काय इचारलं हुतं का, म्हागारी कशी देशीला म्हून?” व्याही हसले आणि दावं सोडून हातात दिलं. आप्पा ते खोंड चालवत बेळगावला घेऊन आले. हे सगळं त्यांनी मला वाफे खुरपताना सांगितलं होतं. लेकीच्या घरचं खोंड आपल्या गोठ्यात आहे याचा त्यांना केवढा आनंद होता.

आता प्रयोग सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. निम्म्या खोंडांना तंबाखूच्या पाण्याने धुवायचं आणि निम्म्यांना साध्या. रोज गोचीड मोजायचे. मग काही आठवड्यांनी उलट करायचं, म्हणजे साधं पाणी मिळालेल्यांना तंबाखू. कोणतं कोणात आहे ते कळावं म्हणून मी त्यांच्या शिंगांना तेलरंग लावला. तंबाखूवाल्यांना तांबडा, साध्या पाण्यावाल्यांना निळा. रंगाचा अर्थ आप्पांना सांगायचा नाही, अशी साहेबांची ताकीद होती. राखणाऱ्याला माहीत असलं की तो नकळत एकाला जास्त जपतो आणि दुसऱ्याला कमी, असं ते म्हणत. धुण्याच्या वेळीही आप्पांनी बाहेर थांबायचं. दोर साहेब स्वतः धरत.

आप्पांना माझं रंगकाम पसंत नव्हतं. “मास्तर, ह्ये काय केलंसा? भित्तीला शेण फेकून मारल्यागत दिसतंय.”

मी म्हणालो, “आप्पा, हे शोभेसाठी नाही.”

“त्ये दिसतंयच की,” आप्पा म्हणाले.

सुरुवात करण्याआधी साहेबांनी मला एक गोष्ट विचारली होती. मधे जनावरांचा काही सण येतो का? पुण्याकडे श्रावणात पोळा असतो, तो लांब आहे. मी इथला असल्यामुळे जरा ऐटीतच सांगितलं, “साहेब, आमच्याकडे पोळा नसतो. आमच्याकडे बेंदूर. ज्येष्ठी पुनवेला.” साहेबांनी मान डोलावली. बेंदूर होऊन गेल्यावर खोंडं आणायची असं ठरलं आणि तसं झालं.

आमच्याकडे बेंदूर दोन असतात. ज्येष्ठातला कानडी बेंदूर आणि आषाढातला मराठी बेंदूर. कुठल्या गावात कुठला हे त्या त्या गावाचं ठरलेलं असतं, काही गावांत दोन्ही होतात. शेतीवाल्या घरातल्या पोरालाही हे माहीत असतं. आमच्या घरी बेंदूर म्हणजे बाजारातून मातीचे बैल आणून पाटावर मांडायचे. ते आई ज्येष्ठात मांडायची, कारण आमच्या आळीत शेजारी सगळे कानडी. त्यामुळे माझ्या हिशेबी बेंदूर एकच होता आणि तो झाला होता.

पहिलं धुणं चांगलं झालं. गोचीड गळून पडले आणि साहेब चिमट्याने ते उचलत दिवसभर खूश होते. पण तंबाखूवाली खोंडं खांबांना अंग घासायला लागली. खांद्यावर, मानेवर कातडी सोलवटली. साहेब हळहळले. मला म्हणाले, “यांना आता महिनाभर तंबाखू लावायचा नाही. धड कातडीवर तो बाधत नाही. सोललेल्या जागेतून रक्तात गेला तर जनावर जाईल.” हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही असं नाही. निळ्या खोंडांच्या अंगावरही जखमा होत्याच, त्या गोचिडांच्या चावण्याच्या. नीट पाहिलं तर दोन्ही वेगळ्या ओळखू येत.

साहेब कामासाठी मुंबईला गेले. ते परत यायच्या आत दुसऱ्या फेरीचं धुणं मी करायचं होतं. त्यासाठी तंबाखूचे देठ आणि भुकटी आणायला मी निपाणीला गेलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. आमची मोटार चढावर दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा उतारूंनी ती ढकलली. वखारीत पोहोचलो तोवर परतीची गाडी गेलेली. एका नातलगाकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन, शिंकत बेळगावला आलो.

गोठ्यात गेलो तर आत सण होऊन गेला होता.

सगळ्या खोंडांची शिंगं घासून, तासून, हुरमुंजाने लालभडक रंगवली होती. टोकांना बेगड. पाठीवर हाताचे ठसे. गळ्यात नव्या कंड्या. जी खोंडं अजून जुवाखाली गेलेलीच नव्हती त्यांचीही खांदेमळणी झाली होती. खांदे आणि माना हळद-तेलाने पिवळ्या, चकचकीत. गोठ्याला आंब्याचे टाळे बांधलेले, आणि एका खोंडाच्या नाकाला पुरणपोळी चिकटलेली होती.

आप्पा दारात उभे होते. “बगा मास्तर. आता कशी दिसत्यात? आता कालीजची वाटत्यात.”

मी म्हणालो, “छान.”

एवढंच म्हणालो. माझा तांबडा गेला होता, निळाही गेला होता. कोणतं कुठलं हे सांगायला काही उरलं नव्हतं. साहेबांची वाट पाहायची आणि ते आल्यावर सांगायचं, एवढंच करायला हवं होतं. फार तर महिना गेला असता. पण मग साहेबांनी विचारलं असतं, “अरे, बेंदूर झाला म्हणाला होतास ना?” स्वतःच्या मुलखातले सण याला माहीत नाहीत असं त्यांना वाटलं असतं. एवढ्यासाठी मी गप्प बसलो. याहून मोठं कारण असावं म्हणून मी पुष्कळ वर्षं आठवून पाहिलं. दुसरं नव्हतं.

इतके दिवस रोज पाहतो आहे तर मला ती ओळखू येतील, असं मी मनाशी ठरवलं. सगळी करड्या-पांढऱ्या रंगाची, एका साच्यातून काढल्यासारखी. मी ओळीने पाहत गेलो आणि हे तांबड्यातलं, हे निळ्यातलं असं म्हणत गेलो. कोणाच्या शिंगांना कुठला रंग होता ते आप्पांना विचारता आलं असतं, पण मग माझी अडचण त्यांना कळली असती. जखमा हळदीखाली झाकलेल्या होत्या. पुसून पाहता आल्या असत्या. मी नुकता अंघोळ करून आलो होतो आणि हात तेलकट झाले असते.

साहेब नसल्याने दोर आप्पांनी धरला. लेकीच्या घरच्या खोंडापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, मागल्या खेपंला ह्येला तंबाकू दिलता का साधं पाणी? म्या भाईर हुतो, म्हून इचारतो.”

मी म्हणालो, “साधं.”

“तुमास्नी ठावं,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी दोर आखडून धरला.

मी पाणी घातलं आणि काथ्याने चोळलं. खांद्यावर जास्त चोळलं, कारण तेलामुळे पाणी घसरत होतं. पुढच्या खोंडाला लावायला घेतलं तोवर या खोंडाच्या तोंडातून लाळेची तार लागली. मग मांड्या थरथरायला लागल्या. ते चारी पाय फाकवून उभं राहिलं आणि एकदम बसलं. आम्ही बादल्यांनी पाणी ओतून ते धुतलं. श्वास लहान लहान होत गेला. आप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बेगडाची टोकं त्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून एका हाताने शिंग धरून ठेवलं. कॉलेजची मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ते मेलेलं होतं. दुसरं एक खोंड दिवसभर लाळ गाळत राहिलं आणि सावरलं.

आप्पांनी त्याच्या गळ्यातली कंडी सोडून घेतली. मग म्हणाले, “आता लेकीला काय सांगू?”

साहेब आल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. प्रिन्सिपॉल इतिहासाचे होते. त्यांनी आप्पांना विचारलं, “रंग कोणी लावला?”

“म्या, सायेब.”

“कोणाला विचारून?”

आप्पांना प्रश्न समजला नाही. “बेंदूर हुता, सायेब. बेंदराला कुणाला इचारायचं?”

“रंगात काय होतं?”

“हुरमुंज. बाजारातनं आणल्यालं.”

“ही जनावरं एकमेकांना चाटतात ना?”

“चाटत्यात की.”

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. बाजारातल्या रंगांत विष असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. साहेब माझ्याकडे वळले. “रंग पुसले गेले होते. मग तू खोंडं ओळखलीस कशी?”

मी म्हणालो, “मला ओळखू येत होती, साहेब. खात्रीने.”

साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते असे होते की कोणावरही ठेवत. खोंड रंग चाटून मेलं असं ठरलं. सेवकाच्या अजाणतेपणामुळे हे घडलं, तेव्हा त्याला कामावरून काढू नये अशी साहेबांनी शिफारस केली आणि ती मान्य झाली. आप्पांना माफी मिळाली. माझ्या देखत मिळाली.

पुन्हा असं घडू नये म्हणून नियम करावेत असं विद्यापीठालाही वाटलं आणि ते काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं अक्षर आणि भाषा चांगली होती. मी एका दुपारी बसून लिहिले. जनावराला कोणत्याही सेवकाने परवानगीवाचून न्हाऊ घालू नये, रंगवू नये, सजवू नये. सणासुदीचं अन्न घालू नये. अंगास तेल, हळद अथवा अन्य पदार्थ चोळू नये. जनावराशी सर्वांनी ममतेने वागावं, हा नियम मी सर्वांत वर घातला. पाणी घालणाऱ्याने आधी काय पाहावं, संशय आला तर काय करावं, याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. पाटी अजून तिथेच आहे, कोणालाही वाचून पाहता येईल.

आप्पांना ते नियम मीच वाचून दाखवले, तसं करणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “बरोबर हाय, मास्तर. माज्याच हातानं झालं.” रंगाने खोंड मेलं हे इतर कोणापेक्षा त्यांना जास्त पटलं होतं. पुढच्या बेंदराला त्यांच्या घरचे बैल बिनरंगाचे निघाले आणि त्यानंतर प्रत्येक बेंदराला तसेच. गावात लोक विचारायचे. ते सांगायचे, “माज्या हाताला इख हाय.”

गावातल्यांनी आपापली खोंडं परत नेली. ती धड होती, त्यामुळे तिथे फारसं काही झालं नाही. पण व्याह्यांनी निरोप पाठवला की शब्द देऊन नेलेलं जनावर ज्याने रंग चाटवून मारलं, त्याच्या घरी आमची सून जाणार नाही. पंचमीला आप्पांचा मुलगा बहिणीला आणायला गेला आणि रिकामा परत आला. आप्पांच्या घरी झोका बांधलेला होता. तो दोन दिवस तसाच लोंबत राहिला, मग त्यांनी सोडून दोर गोठ्यात ठेवला.

हे कळल्यावर मी स्वतः व्याह्यांकडे गेलो. खानापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे जांबोटीच्या रस्त्याने चालत. पाऊस असा होता की छत्री उघडी आहे की मिटलेली याने काही फरक पडत नव्हता. व्याही ओसरीवर घोंगडं पांघरून बसले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे आप्पांचा जावई, खांबाला टेकून उभा होता. आतल्या दाराशी लेक उभी होती. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी सांगितलं की खोंड रंगाने मेलेलं नाही.

“मग कशानं?” व्याह्यांनी विचारलं.

“तंबाखूच्या पाण्याने.”

“त्ये कुणी घाटलं?”

‘मी’ या एका शब्दासाठी भिजत आलो होतो. वाटेत तो मी पुष्कळदा मोठ्याने म्हणूनही पाहिला होता. मी म्हणालो, “कॉलेजने.”

व्याह्यांनी घोंगडं सावरलं. “म्हंजे कुणी?”

“म्हणजे... तिथला प्रयोगच तसा होता.”

जावई पहिल्यांदा बोलला. “कालीजवर रुसून काय करायचं, मास्तर? कालीजची लेक आमच्या घरात न्हाय. आप्पाची हाय.”

व्याही म्हणाले, “चा घ्या. भिजलासा.”

लेकीने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काय बोलतो याची ती वाट पाहत होती हे मला कळत होतं. मी चहाला नावाजलं आणि निघालो.

देश स्वतंत्र झाला तेव्हा कॉलेजात पेढे वाटले. आप्पांनी आपला पेढा कागदात बांधून ठेवला. कोणासाठी ते मी विचारलं नाही. त्या वर्षीही पंचमीला लेक आली नाही. त्यानंतर आप्पा काम सोडून गावी गेले आणि काही वर्षांनी वारले. मातीला लेक आली होती, आणि त्याच दिवशी तिला परत नेलं, असं ऐकलं. साहेबांचा निबंध प्रसिद्ध झाला. दुसरी फेरी सोडून द्यावी लागल्याने तो अर्धाच होता, पण चांगला होता. मी डेमॉन्स्ट्रेटरचा लेक्चरर झालो, पुढे विभागप्रमुख झालो, आणि दर वर्षी नव्या मुलांना पाटीसमोर उभं करून नियम वाचून दाखवत राहिलो. ममतेचा नियम वाचताना माझा आवाज जरा बदलतो असं मुलं म्हणत. त्याचाही त्यांनी चांगलाच अर्थ लावला.

स्मरणिकेचं काम आल्यावर, लिहिण्याआधी मी तिकडे गेलो. आता खानापूरहून एसटी जाते, पण दिवसातून मोजकी. घर सापडलं. आप्पांची लेक दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तीही आता म्हातारी झाली होती, पण तिने मला लगेच ओळखलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. “आक्का, ते खोंड मी मारलं. तंबाखूचं पाणी मी घातलं होतं. आप्पांनी विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं.”

तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “मला काय सांगतायसा? त्यास्नी सांगा.” आणि हनुवटीने अंगणाकडे खूण केली.

अंगणात तिचा नवरा बाजेवर ऊन खात बसला होता. पूर्वी जो खांबाला टेकून उभा होता तोच. मी त्याच्यापुढे जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. “काय?”

“जरा वरडून बोला,” आतून ती म्हणाली. “ऐकू कमी येतंय.”

मी ओरडलो. “खोंड मी मारलं!”

“कुणाला मारलं?”

“खोंडाला! आप्पांनी नाही! मी! तंबाखूचं पाणी मी घातलं!”

शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. एका बाईच्या हातात पीठ मळायची परात होती. मी त्या सगळ्यांच्या देखत पुन्हा एकदा पहिल्यापासून ओरडून सांगितलं, कारण मधलं त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. हळदीचंही सांगितलं, बेंदराचंही. कॉलेज हा शब्द मी कुठे वापरला नाही.

म्हाताऱ्याने कानामागचा हात काढला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, “ऐकलीस का? तुज्या बा नं न्हाय मारलं म्हणतोय ह्यो.”

“मी कवा म्हनलं हुतं, मारलं म्हून?” ती म्हणाली. “तुमीच म्हनत हुतासा. तुमी न् तुमचा बा.”

“बरं.” त्याने बाजेवर पाय वर घेतले. “मग जाऊन ये की माहेराला.”

परातवाली बाई फिस्सकन हसली. आक्का सूप खाली ठेवून उठली. “आता? आता कोन हाय तितं?”

“भाऊ न्हाय, तर भाचं हाईत की. घर हाय न्हवं?”

“अशीच जाऊ? उठून? मला न्ह्याय मुराळी नको?”

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरहून न्यायला येणारा माणूस. म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्यो आलाय की.”

माझं वय त्याच्याएवढंच असेल. मला वाटलं तो चेष्टा करतो आहे. पण आक्का आत गेली, लुगडं बदलून आली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी जड होती. तांदूळ असावेत.

एसटीत ती खिडकीशी बसली आणि तोंड बाहेर करून पाहत राहिली. खानापुरात गाडी बदलली तेव्हा मी तिला हात द्यायला गेलो, पण ती आधीच उतरली होती. पुढच्या गाडीत तिने एकदाच विचारलं, “आप्पानं तुमास्नी खरंच इचारलं हुतं?”

“हो.”

“न् तुमी साधं म्हनलासा?”

“हो.”

ती पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागली. 

आप्पांच्या गावचा फाटा आला. आम्ही उतरलो. तिथून घर दिसतं, फार लांब नाही. मी पिशवी घेऊन चालायला लागलो. मुराळ्याने माहेरच्या दारापर्यंत सोडायची रीत आहे. ती थांबली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाली, “तुमी हितंच ऱ्हावा, मास्तर. आप्पाच्या दारात नको.”

मी तिथेच थांबलो. ती सावकाश गेली. दारात कोणीतरी बाहेर आलेलं दिसलं, मग आणखी दोघं आली, आणि सगळी आत गेली.

बेळगावला जाणारी गाडी बऱ्याच वेळाने आली. कंडक्टरने विचारलं, “किती?” मी म्हणालो, “एक.”